लांबचा रेडिएटर गारच: ऑटोमॅटिक बॅलन्सिंग व्हॉल्व्हबद्दल

घर तापवणाऱ्या गरम पाण्याच्या सिस्टीममध्ये बॉयलरजवळचे रेडिएटर भाजतात, वरच्या मजल्यावरचा शेवटचा कोमट, म्हणून पंपाचा वेग वाढवा, असा सल्ला बरेचदा दिला जातो. कृपया तसं करू नका. जवळच्या रेडिएटरमधूनच आणखी पाणी पळेल आणि व्हॉल्व्ह शिट्टी मारू लागतील.

त्याऐवजी रेडिएटरला ऑटोमॅटिक बॅलन्सिंग व्हॉल्व्ह लावा, म्हणजे दाब बदलला तरी ठरवलेल्या प्रवाहापेक्षा जास्त पाणी जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्यावर प्रवाह ठरवायचा हिशोब सोपा आहे: रेडिएटरचे वॅट गुणिले 0.86, भागिले जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक. 1200 वॅट आणि 15 अंश फरक असेल तर ताशी सुमारे 69 लिटर. हीट पंपावर (बाहेरची उष्णता आत आणणारं यंत्र) फरक 5 अंशच धरला, तर तेवढ्याच उष्णतेला 206 लिटर लागतात. रेडिएटरचे बरेच ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह ताशी 150 लिटरच्या आसपासच थांबतात, तेव्हा खरेदीआधी तक्ता बघाच.

परतीच्या बाजूचा लॉकशील्ड (रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा, हाताने आवळायचा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडा ठेवा. दोन्हीकडून आवळलं तर व्हॉल्व्हला काम करायला दाब उरत नाही. त्याला स्वतःवर साधारण 10 किलोपास्कल, म्हणजे मीटरभर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब (हेड), लागतो. रेडिएटरवरचे सगळे थर्मोस्टॅट उघडून शेवटचा रेडिएटर नीट तापेल इतपतच पंपाचा वेग ठेवा.

आणि जुन्या लोखंडी सिस्टीममध्ये आधी फ्लशिंग (आतून धुऊन काढणं), मग लोखंडी गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर. आतल्या गंजाचा तो काळा गाळ व्हॉल्व्हच्या बारीक फटीत बसला की सेटिंगला काही अर्थच राहत नाही.