घसरणीत व्हॉल्यूम उसळला म्हणजे तळ आला?

अनिकेत: बाजार आठवडेच्या आठवडे घसरतो, मग एके दिवशी भाव कोसळतात आणि व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात हात बदललेल्या शेअर्सची संख्या, नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होतो. घाबरलेले सगळे मिळेल त्या भावात बाहेर पडले, की विकायला उरतं कोण? हाच सेलिंग क्लायमॅक्स. तळ ओळखताना मी भावाआधी व्हॉल्यूम बघतो. १९ ऑक्टोबर १९८७ घ्या. डाऊ जोन्स हा अमेरिकेचा शेअर निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात ६० कोटींहून जास्त शेअर्सची उलाढाल झाली. त्यानंतर डाऊ त्या पातळीखाली कधीच बंद झाला नाही.

मुग्धा: सोयीचं उदाहरण निवडलंत. १० ऑक्टोबर २००८ लाही अमेरिकेत प्रचंड उलाढाल झाली, एस अँड पी ५०० हा तिथल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक तेव्हा ८९९ वर बंद झाला. तळ लागला ९ मार्च २००९ ला, ६७६ वर. व्हॉल्यूमच्या त्या उसळीला भुलून ज्यांनी खरेदी केली त्यांना आणखी २५ टक्के घसरण सोसावी लागली. आणि विकणारे संपत नाहीत हो! विकलेला प्रत्येक शेअर कोणीतरी घेतलेला असतो. उद्या तोही घाबरू शकतो.

अनिकेत: म्हणून तर जोडीला ओबीव्ही (ऑन-बॅलन्स व्हॉल्यूम) बघायचा. भाव वर बंद झाला त्या दिवसाचा व्हॉल्यूम मिळवायचा, खाली बंद झाला त्या दिवसाचा वजा करायचा, अशी ही चालती बेरीज. भाव नवा नीचांक करतोय आणि ओबीव्ही करत नाही, तर शांतपणे खरेदी सुरू आहे असं समजायचं.

मुग्धा: ओबीव्हीत भाव पाच पैशांनी वर बंद झाला तरी त्या दिवसाचा सगळाच्या सगळा व्हॉल्यूम मिळवतात. हे कसलं मोजमाप? शिवाय एक्स्पायरीला, म्हणजे फ्यूचर्स-ऑप्शन्सचे करार संपतात तेव्हा, किंवा इंडेक्समधल्या कंपन्यांत फेरबदल होतात त्या दिवशी व्हॉल्यूम फुगतो, त्याचा भीतीशी काहीच संबंध नसतो.

राजस: दोघांचंही लक्ष उसळीवरच आहे. १९८७ चंच पुढे बघा. ४ डिसेंबरला एस अँड पी ५०० २२३.९२ वर, म्हणजे १९ ऑक्टोबरच्या २२४.८४ पेक्षाही किंचित खाली बंद झाला, पण उलाढाल ऑक्टोबरच्या मानाने बरीच कमी होती. जुन्या नीचांकावर भाव परत येतो आणि तेव्हा विक्रीचा जोर ओसरलेला असतो, तो दिवस मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मुग्धा: हे पटतं. पण जोर खरंच ओसरलाय की घसरणीत नुसती उसंत आहे, हे कळायला भाव वर फिरावाच लागतो. म्हणजे कौल शेवटी भावाचाच.

अनिकेत: भाव फिरेपर्यंत थांबायला माझी हरकत नाही. पण कुठल्या दिवसापासून डोळ्यात तेल घालून बघायचं, ते मला व्हॉल्यूमच सांगतो.