घोडी सांभाळायला द्यायची आहे, फोन लई यायलेत, खरा माणूस ओळखायचा कसा?

सेलूकर_पोरगा
रामराम मंडळी. आमच्याकडं एक काठेवाडी घोडी आहे, कुमैत म्हणजे तांबूस रंगाची, कपाळावर टिळा, वय दातावरून नऊ-दहा वर्षं, वडिलांनी माळेगावच्या जत्रेतून आणलेली. मला आता नोकरीला पुण्याला जायचंय आन वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळं खरारा (अंग घासून साफ करणं), नालबंदी, सकाळची फेरी हे त्यांच्यानं होत नाही. विकायचा विषयच नाही, वडिलांचा जीव आहे तिच्यावर. मग ठरवलं की वर्षभरासाठी कुणाला तरी सांभाळायला द्यावी, मालकी आमची, खर्च त्याचा, बसायला-फिरायला त्यानं वापरावी. शेळ्या अर्धलीनं देतात तसंच म्हणा, फक्त आपल्याला वाटा नको.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं आन तेव्हापासून फोन खाली ठेवू देईनात. अर्ध्या लोकांचा पहिला मेसेज "लास्ट किती", अहो वर लिवलंय की विकायची नाही. एक जण म्हणतो उद्याच पिकअप पाठवतो लोकेशन टाका, घोडी डोळ्यानं बघितली पण नाही त्यानं. एकाला लग्नसराईपुरती पाहिजे, एकाला बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढं पळवायला. एक मॅडम आहेत त्यांना लेकीला शिकवायचंय पण मला घोड्यातलं काही कळत नाही असं सरळ बोलल्या. आन जिंतूरकडच्या एका म्हाताऱ्या काकांचा फोन आला, त्यांनी निस्तं एवढंच विचारलं की पाणी हौदावर पाजता का बादलीनं, आन बरं म्हणून ठेवून दिला. आता याच्यातून निवडायचं कसं? सगळेच गोड बोलायलेत. कुणी अशी दिली असेल तर सांगा राव.

नालवाला_लोहा
भाऊ तुमची जाहिरात आमच्या ग्रुपवर पण फिरत आली. फोटोत घोडीला तुरा, गोंडे, मागं बँडवाले उभे. वरातीचा फोटो टाकला तर वरातवालेच येणार ना. तो काढा आन साधा टाका, बाजूनं उभी केलेली, चारी पाय दिसतील असा. खाली तिच्या खोडी लिवा, एक पण लपवू नका. ट्रॅक्टरला बुजती का, मागचा पाय उचलू देती का, एकटी बांधली तर दावं तोडती का, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येती का. गुण वाचून कुणीबी येतंय. खोडी वाचून जो फोन करतो त्यानं निदान वाचलं तरी आहे, आन त्याच्यातला एखादा विचारतो की मागचा पाय कोणता, डावा का उजवा, आन कधीपासून. तो माणूस धरून ठेवा.

दुसरं म्हणजे काय नाही ते पहिल्याच फोनला सांगून टाका. वरात नाही, शर्यत नाही, घोडा दाखवायचा (फळवायची) नाही, तिसऱ्याच्या हातात द्यायची नाही. मग समोरचा काय करतो बघा. बरं म्हणला तर पुढं बोला. "एखाद्या लग्नाला तरी", "पाहुण्याचंच आहे हो", "कोण बघायला येतंय" असं सुरू झालं की तिथंच रामराम. जो फोनवरच अट वाकवायलाय तो तुम्ही पुण्याला गेल्यावर मोडणार. घोडा दाखवायचा नाही हे तर ठासून सांगा, घोडी अकरा महिने गाभण राहती, वर्षाच्या बोलीवर दिलेली घोडी भरल्या पोटानं परत आली का शिंगरू कुणाचं याच्यावरून भावाभावासारखे लोक कोर्टात गेलेले बघितलेत मी.

बैलांपुढं पळवणाऱ्याला तर हात जोडा. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीला मोकळीक कायम ठेवली तेव्हापासून पळत्या घोडीला गिऱ्हाईक लई. खडकाळ रानात पळवून खूर चिरलेली घोडी शेवटी आमच्याचपशी येती. काकांचा नंबर सेव्ह करा.

ढोराचा_डॉक्टर
मी पशुवैद्यक, सगळी नोकरी नांदेड-हिंगोली पट्ट्यात. त्यांनी काय विचारलं हे बघाच पण तुम्ही काय विचारता हे पण महत्त्वाचं आहे आणि प्रश्न असा विचारायचा की उत्तर हो-नाही मध्ये देता येणार नाही. "काळजी घ्याल ना" म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

मी पहिला प्रश्न विचारेन की मे महिन्यात तुमच्या गावाला टँकर येतो का आणि आला तर घोडीचं पाणी कुठून. एका घोडीला दिवसाला पंचवीस-तीस लिटर लागतं, आपल्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत घाम काढला तर त्याच्याही वर. मराठवाड्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय जनावर देऊच नये. ज्याच्याकडं बोअरला पाणी आहे तो लगेच सांगेल, ज्याच्याकडं नाही पण ज्यानं विचार केलाय तो पण सांगेल, जो "होईल काहीतरी" म्हणतो त्याला सोडा.

दुसरा, रात्री पोट दुखायला लागलं तर काय कराल. घोड्याला उलटी होत नाही हे ज्याला माहीत नाही तो शेकत बसतो, गावठी काढा नाकातोंडातून ओततो आणि सकाळी मला बोलावतो. बरोबर उत्तर एवढंच की दाणा-वैरण समोरून काढीन, डॉक्टरला लगेच फोन करीन. कोणत्या डॉक्टरला ते नावानिशी सांगता आलं पाहिजे, आणि मग त्या डॉक्टरला तुम्ही स्वतः फोन लावा. तालुक्याच्या दवाखान्यात कोण कसं जनावर ठेवतो हे आम्हाला बरोबर माहीत असतं, सगळं बोलता येत नाही पण आवाजावरून कळेल तुम्हाला.

खायला काय घालणार हे विचारताना त्यांना बोलू द्या, मध्ये तुम्ही सुचवू नका. आपल्याकडं सोयाबीनचं भुसकट फुकट असतं म्हणून गाईसारखं घोडीपुढं टाकतात आणि मग पोट गच्च होतं. कुक्कुटपालन असेल तर जास्तच जपा, काही कोंबडीखाद्यात मोनेन्सिन असतं, ते कोंबडीला औषध आणि घोड्याला विष.

आणि त्यांच्याकडं दुसरे घोडे असतील तर ते कुठून आलेत, वरातीला जातात का हे विचारा. वरातीचा घोडा दहा गावच्या हौदावर तोंड घालतो, ग्लँडर्स हा घोड्याचा जीवघेणा रोग तिथूनच येतो. तो माणसालाही होतो, त्याला लस नाही, हिसारच्या लॅबमध्ये रक्त पॉझिटिव्ह आलं की जनावर वाचवता येत नाही, कायद्यानंच मारावं लागतं. तुमच्या काकांनी हौद का बादली विचारलं ते मला तरी उगाच वाटत नाही. तुम्ही पण देण्याआधी रक्त तपासून घ्या, धनुर्वाताची लस झाली नसेल तर ती द्या, परभणीला व्हेटर्नरी कॉलेज आहे, जवळच पडेल.

उदगीरचा_वाटाड्या
सगळं खरं पण मूळ घोळ फुकटात आहे. पन्नास हजार डिपॉझिट मागा बघा कसे निम्मे गळतात ते. "धर्माच्या गाई आणि दात का नाही" म्हणतात, मी उलटं सांगतो, जो दात न बघता न्यायला तयार आहे त्याला दात, खूर, नाव-गाव कशाशी घेणंदेणं नाही, त्याला घोडी पुढच्या बाजारात उभी करायची आहे. पिकअपवाल्याचं तेच आहे. कागदावर तुमची मालकी असेल हो, पण दुसऱ्या जिल्ह्यात विकल्यावर ओळखायची कशी? जाहिरातीत तिच्या भोवऱ्या, अंगावरच्या खुणा सगळ्या टाकू नका, एखादी स्वतःपाशी ठेवा. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर वडिलांना समजावा आणि चांगल्या घरी विका. सांभाळायला दिलेलं जनावर आणि उसनं दिलेलं खोरं सारख्याच हालतीत परत येतं.

ढिला_लगाम
मी घेणारी बाजू सांगते, संभाजीनगरला असते, गेली बरीच वर्षं दुसऱ्यांचीच घोडी सांभाळलीत. डिपॉझिटचं मला पटत नाही वाटाड्या दादा. पैसे घेतले की समोरच्याला वाटतं आपण भाड्यानं घेतली, आता वसूल करू. त्यापेक्षा त्यांचा वेळ मागा. दोनदा तुमच्याकडं यायला लावा, एकदा सकाळी खराऱ्याच्या वेळी आणि एकदा कधीही. ज्याला खरंच पाहिजे तो येतो, बाकीच्यांना तेवढ्यात काम निघतं.

आल्यावर आयती खोगीर चढवून उभी करू नका. मोकळ्या रानात सोडा आणि म्हणा धरून आणा. तो कसा जातो, समोरून धावत का खांद्याकडून हळू, हात आधी कुठं लावतो, पाय उचलताना तिच्याशी बोलतो का, तंग एका झटक्यात आवळतो का थांबून थांबून. आधी तुम्ही बसून दाखवा (मालक स्वतः बसायला कचरला तर मी पण घोडं घेत नाही), मग त्यांना बसू द्या. लोक पळवून दाखवतात तेव्हा बघायचं नसतं, उतरल्यावर काय करतात ते बघायचं. तंग सैल करून दहा मिनिटं हळूहळू फिरवतात का लगाम तुमच्या हातात देऊन मोबाईल काढतात. आणि वजन विचारायला लाजू नका, मला पण विचारतात. साडेतीनशे किलोच्या घोडीवर खोगीर धरून सत्तरच्या वर नको, फार तर थोडं इकडं तिकडं.

त्या मॅडमना मात्र लगेच काट मारू नका. मला कळत नाही असं म्हणणारा शिकतो तरी, सगळं येतं म्हणणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. फक्त शिकवणारं कोण आहे ते विचारा, लेकीची दहावी-बारावी आली की घोडी कोणाच्या गळ्यात हे विचारा. आणि नवशिक्या पोरीला तुमची घोडी झेपेल का ते तुम्हालाच माहीत, तिथं भीड नको.

त्यांच्या घरी पण जा. न सांगता गेलं तर बरं, पण निदान जा. काटेरी तार आहे का, पत्रा किती खाली आहे, कडब्याची गंजी किती उरलीय, बाकीच्या जनावरांच्या बरगड्या दिसतात का. घरातल्या बाकीच्यांशी बोला, नवऱ्याला हौस आणि शेण-पाणी बायकोच्या माथी असं असेल तर तिच्या तोंडावर दिसतंच.

सेलूकर_पोरगा
लई आभार सगळ्यांचे. काल फोटो बदलला, खोडी लिवल्या (नाल मारताना मागचा उजवा ओढती आन डीजेला दोन पायावर होती), चारी "नाही" पण टाकले. फोन एकदम थंड झालेत. पिकअपवाल्यानं तर शिवी घातली. वरातवाला म्हणला डीजे वाजवायचा नाही फक्त हलगी, त्याला रामराम.

मॅडमशी परत बोललो, बेत चांगला आहे त्यांचा पण शिकवणारा माणूस महिन्यातून दोनदा येणार, म्हणलं ही घोडी तेवढ्यावर नाही व्हायची, त्या पण समजल्या, एखादी म्हातारी शांत घोडी दिसली तर कळवा म्हणल्या. काकांना मीच फोन केला. त्यांच्याकडं आधीची एक घोडी होती ती मागच्या पावसाळ्यात सर्रा रोगानं गेली म्हणून पाण्याचं आन माशांचं विचारतात म्हणे सगळ्यांना. आता भीती वाटायली, तिथं रोग असला तर?

ढोराचा_डॉक्टर
सर्रा माशा चावून पसरतो, पाण्यातून नाही, पण काकांचं चुकतंय म्हणून माणूस वाईट होत नाही. त्यांना विचारा की घोडी आजारी पडली तेव्हा रक्त तपासलं होतं का आणि इंजेक्शन किती उशिरानं पडलं. न चिडता, न लपवता सांगितलं तर माझ्या मते तेच नाव पुढं न्या. गोठ्यात बाकी जनावरं असतील तर त्यांचंही रक्त तपासून घ्या, गाई-म्हशीत सर्रा काही न दिसता राहतो. आणि श्रावण-भाद्रपद सरल्यावरच पाठवा, माशा कमी होऊ द्या.

नालवाला_लोहा
आन तोंडी नको काही. पाचशेच्या बाँडवर लिहून घ्या, पहिला महिना ट्रायल, कुणालाबी न आवडलं तर कारण न देता परत. डॉक्टरचा खर्च कुणाचा, मोठा आजार निघाला तर निर्णय कुणाचा, मेली तर पोस्टमार्टम केल्याशिवाय पुरायची नाही. दर दीड महिन्याला नालबंदी, आन नाल मारली त्या दिवशीचा चारी खुरांचा फोटो तुम्हाला. हे वाचून काका काय बोलतात ते कळवा.

सेलूकर_पोरगा
दाखवलं काकांना. म्हणले सगळं मान्य, फक्त ट्रायल एक नको दोन महिन्याची ठेवा, घोडीला रुळायला तेवढं लागतं. रक्त तपासलं होतं म्हणले, रिपोर्ट पण काढून दाखवला, इंजेक्शनला मात्र उशीर झाला म्हणले. शनिवारी वडिलांना घेऊन जातो त्यांच्याकडं. एकच राहिलं, खोगीर आपलं द्यावं का त्यांचं वापरू द्यावं?

ढिला_लगाम
तुमचंच द्या, तिच्या पाठीला बसलेलं आहे. त्यांचं वापरायचं असेल तर शनिवारी घालून बघा आणि उतरवल्यावर घामाचा डाग बघा, दोन्ही बाजूला सारखा आला पाहिजे, मध्येच कोरडा ठिपका राहिला तर तिथं दाबतंय.