मदत हवी आहे: नवऱ्याची प्रतिकारशक्ती वाढवायची की शांत करायची?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या रिपोर्टमुळे घरात गोंधळ उडालाय, जाणकारांनी कृपया सांगा.

वय 41, उंची 168 सेंमी, वजन 66 किलो. अंगाने बारीकच, पण पोट सुटलंय. कंबर 94 सेंमी. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1, उपाशीपोटी इन्सुलिन जास्त. एचएस-सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) 4.6 आलं तेव्हा सर्दी होती, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा केली. तरी 4.1. डॉक्टर म्हणाले, "पोटातल्या चरबीमुळे अंगात सतत बारीक दाह आहे, म्हणून शरीर इन्सुलिनला दाद देत नाही." बाहेर रांग होती, जास्त विचारता आलं नाही.

घरी येऊन वाचत बसले. मला समजलं ते असं: चरबीच्या पेशी फुगत जातात, त्यांना रक्त पुरत नाही, काही मरतात. ती घाण उपसायला मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशी जमतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसतात. त्यांच्यातून टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सुटतात, आणि इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोचतच नाही. ना जंतू, ना जखम, तरी फौज तैनात!

बारीक माणसाला हे कसं, याचं उत्तर पुण्यातच मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1. हे 2004 साली छापून आलं होतं. तेव्हापासून वजनकाट्यावर माझा भरवसा राहिलेला नाही.

आता खरा प्रश्न. 2020 पासून सासूबाई रोज सकाळी तुळस, सुंठ, मिरी आणि गूळ घालून काढा देतात, "प्रतिकारशक्ती वाढते" म्हणून. मायेनेच देतात. पण इथे ती शक्तीच नको तिथे लढतेय ना? मग काढा बंद करू? की ती शांत करणारं औषध असतं?

प्रतिसाद

ताई, प्रतिकारशक्ती म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे, की फिरवून कमी-जास्त करावा. 1993 मध्ये लठ्ठ उंदरांमधला टीएनएफ अडवल्यावर इन्सुलिनचं काम सुधारलं, पण मधुमेही माणसांवर टीएनएफ अडवणारी प्रतिपिंडं वापरली तेव्हा फरक पडला नाही. स्टिरॉइड तर दाह कमी करतात आणि साखर वाढवतात! तेव्हा स्वतःहून काहीही सुरू करू नका.

काढ्यातली सुंठ-मिरी राहू द्या, गूळ काढा. रोजचा गूळ ही साखरच आहे.

आणि चालणं आजच सुरू करा. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, तोही वजन फारसं न उतरता. तुमच्या घरासाठी हा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. काट्याऐवजी कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंमीच्या आत हवी. यकृतात चरबी आहे का, तेही डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती

मनापासून आभार. सासूबाईंना रिपोर्ट दाखवून समजावलं, आजचा काढा बिनगुळाचा झाला. आता रात्री जेवल्यावर दोघं अर्धा तास चालणार आहोत. एचएस-सीआरपी पुन्हा कधी करावी? की आता एचबीए1सीच बघत राहायची?