भात लावणाऱ्या बाईला 'व्यायाम करा' म्हणावं का?

खानापूरकर :
आईला शुगर आहे. आषाढात तिला बेळगावात डॉक्टरांना दाखवायला नेलं. त्यांनी विचारलं, "व्यायाम काय करता?" आई म्हणाली, "काय नाही." त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, रोज अर्धा तास चालणे.

त्याच्या आदल्या दिवसापर्यंत नऊ दिवस ती रोप लावणीत होती. सकाळी तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचा, मुठी बांधून डोक्यावरून खाचरात न्यायच्या, मग पाठीवर प्लास्टिकची खोळ घेऊन दिवस मावळेपर्यंत वाकून लावत मागं मागं सरकायचं. पोटरीभर चिखलातून पाय उपसताना काय दम लागतो ते बांधावर उभं राहून कळत नाही. घरी आली की बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी पांढऱ्या झालेल्या. आणि तरी ती "काय नाही" म्हणते, कारण हे धरतात असं तिला आजवर कुणी सांगितलंच नाही.

धरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. त्यात कामावरची, घरातली, जाता-येताची सगळी हालचाल आली. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची अशी अट होती, तीही काढली. माझं म्हणणं एवढंच, की चालायला सांगण्याआधी बाई दिवसभर काय करते ते विचारा.

उद्यमबाग फौंड्री :
भावा, आईबद्दल आदर आहे. पण तुझं म्हणणं पटत नाही. मी २२ वर्षं फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे साचे करायला, आहे. लहानपणी तालमीत जात होतो, म्हणून दोन्ही माहीत आहे. तालमीत वस्ताद दम बघायचा. जोर झाले, बैठका झाल्या, की हौद्याच्या कडेला बसवायचा, अंग रगडून घ्यायचं, दूध, मग झोप. दुसऱ्या दिवशी अंग मोकळं. भट्टीवर तसं नाही. लेडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, आला की रस ओतायलाच पाहिजे, तुझी कंबर धरली असो नाहीतर काय असो. एकाच बाजूला वाकून बॉक्स उचलून उचलून माझ्या कमरेची गादी सरकली. छाती भरलेली दिसते, पण रेल्वे ओव्हरब्रिज चढताना धाप लागते. याला व्यायाम म्हणायला मी तयार नाही. ही झीज आहे.

टिळकवाडीतली फिजिओ :
उद्यमबागवाल्या दादांचं बरोबर आहे, आणि त्याला पुरावाही आहे. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त लोकांचा अभ्यास २०२१ साली आला. फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार कमी. कामावर जास्त कष्ट करणाऱ्यांना मात्र उलट, धोका जास्त. कारण समजून घ्या. व्यायामात नाडी थोडा वेळ चांगली वर जाते, मग शरीराला विसावा मिळतो. कामात नाडी नि रक्तदाब आठ-दहा तास थोडे थोडे चढलेले राहतात, वजन धरून ठेवलं की रक्तदाब आणखी चढतो, आणि भरून निघायला वेळच नसतो.

अजून एक. मध्यम श्रमाची साधी खूण अशी : बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. रोप लावणीत बायका गाणी म्हणतात की.

खानापूरकर :
अक्का, गाणी म्हणतात, पण कधी? सकाळी खाचरात उतरताना. दुपारी खाचराच्या मध्यावर येऊन ऐका. नुसता चिखलाचा आवाज येतो.

आणि त्याच २०२१ साली नॉर्वेचाही अभ्यास आला, अंगमेहनतीच्या कामावरची माणसं उलट जास्त जगली म्हणून.

टिळकवाडीतली फिजिओ :
पुरुष जास्त जगले. बायकांमध्ये तसा फायदा स्पष्ट दिसला नाही. तुम्ही आईबद्दल बोलताय म्हणून सांगते.

निवृत्त कंडक्टर :
मी बस खात्यात होतो, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. लंडनच्या डबलडेकर बसवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास १९५३ साली छापून आला होता. बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. ही सगळी विद्याच तिथून सुरू झाली, आणि सुरू झाली ती नोकरीतल्या हालचालीवरून. तेव्हा काम धरायचंच नाही, हे मला मान्य नाही.

पण आमच्या बसला जिना कुठला? गर्दीत दाराजवळ खांब धरून उभं राहायचं. माझ्या पोटऱ्यांच्या शिरा बघितल्या तर दोरखंड. कामाचं नाव एक असलं म्हणून श्रम एक होत नाहीत.

निपाणीची लेक :
मामांचं शेवटचं वाक्य पटलं. माझी आई विडी वळायची. मांडीवर सूप, पान कापायचं, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा, मजुरी हजार विड्यांमागं. बोटं दिवसभर पळत होती, पाय मात्र मुंग्या येऊन बधिर. कष्ट नव्हते म्हणाल? होते की. पण हृदयाला त्याचा काडीचा फायदा नव्हता.

तरीही फिजिओ अक्कांना विचारते, फावल्या वेळातला व्यायाम चांगला म्हणता, तो फावला वेळ कुठून आणायचा? बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी फिरणाऱ्यांच्या घरी चूल दुसरं कुणीतरी पेटवत असतं.

टिळकवाडीतली फिजिओ :
याला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच. म्हणून मी लावणीवाल्या बायकांना चाला म्हणतच नाही. दर तासाला बांधावर येऊन पाठ मागं ताणा, हात कमरेवर ठेवून दहा श्वास. एवढंच सांगते.

उद्यमबाग फौंड्री :
खानापूरकर, एक विचारू? लावण किती दिवस चालते? मग भांगलण, मग कापणी-मळणी. सुगी झाल्यावर आई काय करते? शुगर तर बारा महिने असते.

खानापूरकर :
अण्णा, हे मात्र मी धरलंच नव्हतं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे जुने रिपोर्ट काढून बघितले. दरवर्षी वैशाखातला रिपोर्ट दिवाळीनंतरच्यापेक्षा वाईट. उन्हाळ्यात तिचं अर्धं काम बसून असतं. त्यात लग्नकार्यं, जेवणावळी. तेव्हा चालायला सांगितलं असतं तर मी भांडलो नसतो.

पण आषाढात ते लिहून देणं चूकच, यावर मी ठाम आहे. पुढच्या वेळी जाताना कुठल्या महिन्यात किती काम ते कागदावर लिहून नेणार. काल रात्री तिला विचारून लिहीत होतो. माघ म्हटल्यावर म्हणाली, "काय नाही, रानातनं जळण आणायचं तेवढं." किती लांबनं, विचारलं. तीन मैल, म्हणाली, भारा डोक्यावर घेऊन.