समन्यायी पाणीवाटप की दरवर्षीचं ऑक्टोबरातलं भांडण?

निफाडकर
१५ ऑक्टोबरला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा, खरिपातला वापर धरूनही, ६५ टक्क्यांखाली दिसला की आमच्या नाशिक-नगरकडची, वरच्या अंगाची धरणं उघडायची. गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपाचं मेंढेगिरी समितीचं सूत्र, त्यावर २०१४चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आणि २०१६चा हायकोर्टाचा निकाल. सगळं कायदेशीर, मान्य. पण कोरड्या पात्रातून सोडलेलं पाणी पैठणला पोचेपर्यंत मुरतं किती? पोचलेलं त्या पसरट नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातून, उन्हानं उडतं किती? याला खोऱ्याचं नियोजन म्हणायचं? सूत्र मोडीत काढा.

गंगथडी
मुरण्याचा हिशेब बरा आठवला हो! जायकवाडी ७६ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर उपयुक्त साठ्याचं. ते भरेल या भरवशावर कालवे काढले. १९७६ला धरण झालं, आणि त्यानंतर वरच्या अंगाला मुकणे, भावली, निळवंडे बांधली कुणी? २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचं कलम १२ सांगतं की टंचाईची झळ वरच्या-खालच्या सगळ्यांनी सोसायची. २०१२-१३ला जालना शहर टँकरवर जगलं, ते तुमच्या बागांना कळलं का?

निफाडकर
आमचं दारणा धरण १९१६चं आहे साहेब, जायकवाडीच्या किती आधीचं ते बघा. पिण्याचं पाणी कोण अडवतंय? प्यायला म्हणून मागायचं आणि उसाला फिरवायचं, राग त्याचा आहे. मराठवाड्यातले साखर कारखाने मोजा एकदा.

गंगथडी
मोजू की. तुमच्या अंगाच्या कोपरगाव-श्रीरामपूरपासून सुरुवात करू.

टेलवाला
दोघंही धरणाच्या भिंतीवरून खाली उतरा. भांडण फक्त धरणातल्या पाण्याचं चाललंय. कालव्यातून पाझरून विहिरींत गेलेलं पाणी, बोअरवरचा ऊस, हे कुठल्या टक्क्यात बसवलंय? २००५च्या कायद्यानंच एकात्मिक राज्य जल आराखडा मागितला होता. तो नसतानाच गोदावरी पाटबंधारे महामंडळातल्या १८९ प्रकल्पांना मंजुऱ्या मिळाल्या आणि मामला कोर्टात गेला. जमाखर्चच न लिहिता वाटणी करत बसलोय आपण. दिंडोरीच्या वाघाडवर बघा, पाणी वापर संस्था घनमापन पद्धतीनं पाणी घेतात, जेवढं वापरलं तेवढ्याचे पैसे. तिथं टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसालाही आपला कोटा माहीत असतो. (आमच्याकडे टेलला पाणी येतं ते बहुधा निवडणुकीच्या साली.)

निफाडकर
वाघाड एक धरण आहे. तिथली माणसं एकमेकांना ओळखतात. नाशिक ते पैठण ओळख कोण करून देणार?

टेलवाला
मीटर. गेटवर, आणि विहिरीवरही.

गंगथडी
विहिरीला मीटर! मोर्चे आधी तुमच्याच दारात येतील. बरं, बसवा. बसेपर्यंत येत्या ऑक्टोबरात पाणी सोडणार का नाही, तेवढं निफाडकरांनी सांगावं.