वार्षिक कॅलेंडर: ३० तारखेच्या रात्री माझं मशीन गळपटतं

टूलरूमवाला

मंडळी, चाकणला टूलरूममध्ये २२ वर्षं झाली. डाय, पंच, वायरकट यातच आयुष्य गेलं. घड्याळांचा नाद मात्र गेल्या तीन वर्षांतला. भंगारातून निघालेलं ईटीए २८२४-२ मशीन हाताशी आहे (व्यास २५.६ मिमी, तासाला २८,८०० ठोके). त्यावर वार्षिक कॅलेंडर बसवायचं मनात आहे. ३० आणि ३१ चे महिने त्याचं त्याला कळावेत, चावी फक्त फेब्रुवारी संपल्यावर ओढावी लागावी.

जुन्या परपेच्युअल कॅलेंडरांची (फेब्रुवारी आणि लीप वर्षही सांभाळणाऱ्या) रचना बघून बारा घरांचा पितळी कॅम (उंचसखल कडेचं चाक) कापला. लहानपणी मूठ आवळून महिने मोजायचो ना, हुबेहूब तसाच: उंचवटा म्हणजे ३१, खळगा म्हणजे ३०. कॅमवर टेकलेली तरफ रात्री तारखेच्या चकतीला ढकलते. खळगा आला की तरफ खोल उतरते, तिचा फटका लांब बसतो आणि चकती एका दमात दोन दाते, म्हणजे दोन तारखा, सरकते.

हाताने फिरवलं तर लोण्यासारखं चालतं. मशीनवर चढवलं की रडगाणं सुरू. टाइमग्राफरवर (मशीनची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) संध्याकाळी अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्स या डोलत्या चाकाचा झोका) २८० अंश, रात्री साडेदहाला २३५. हे रोजचंच. ३० एप्रिल लावून पाहिलं तर पावणेबारापर्यंत १७० वर घसरलं आणि गप्प बसलं. खिडकीत अर्धा ३०, अर्धा ३१. बायको डोकावून म्हणाली, "तुझा एप्रिल संपत नाही वाटतं?"

जंपरची (तारखेची चकती जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगची) पट्टी ०.२० मिमी स्प्रिंग स्टीलची आहे, मीच कापलेली. मेनस्प्रिंग (मशीनला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) जाड घालू का? की मुळात रचनाच चुकली?

कोल्हापूरचे_काका

मेनस्प्रिंगला हात लावू नकोस बाबा. रात्रीच्या दोन तासांसाठी जोर वाढवशील आणि दिवसभर बॅलन्स टकरा मारत बसेल.

आधी जंपर बघ. माझ्या दुकानात "रात्री थांबतं" म्हणून येणाऱ्या निम्म्या घड्याळांत दोष तिथेच सापडतो: पट्टी कडक, नाहीतर चकतीखाली तेल वाळलेलं. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. ०.२० ची ०.१६ केलीस की जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. चोचीचे दोन उतारही सारखे ठेवू नकोस. चढ लांब आणि सौम्य असू दे, उतरण आखूड. दाता शिखरावरून गेला की पुढे जंपर स्वतःच चकतीला ढकलतो, ते काम फुकटात होतं. पण हावरटपणा करू नकोस. घड्याळ तळहातावर आपटून बघ, तारीख हलली तर जास्त घासलीस समज.

आता रचना. खरा उधळपट्टीचा मामला इथे आहे. वर्षातल्या चार रात्रींसाठी तू ३६५ रात्री तरफ उचलतोयस! थॉमस मजने १७६२ च्या सुमारास परपेच्युअल घड्याळ केलं. तेव्हापासून चालत आलेल्या तरफेच्या घराण्यात ते क्षम्य आहे, कारण तिथे २८ फेब्रुवारीला एका रात्रीत चार दाते ओलांडायचे असतात. तुला फेब्रुवारी सांभाळायचाच नाही, मग ती तरफ कशाला पोसतोस?

पाटेक फिलिपने १९९६ मध्ये मनगटी घड्याळात वार्षिक कॅलेंडर आणलं (मॉडेल ५०३५), ते तरफांऐवजी मुख्यतः चाकांवर. लुडविग ओक्सलिनने २००५ मध्ये ला शो-द-फाँच्या संग्रहालयासाठी घड्याळ केलं, त्यात अख्खं वार्षिक कॅलेंडर नऊ हलत्या भागांत आहे. रोलेक्सच्या २०१२ च्या स्काय-ड्वेलरमध्ये तारखेच्या चकतीबरोबर एक उपग्रह चाक फिरतं, त्याला चार बोटं, ३० च्या चार महिन्यांची. मला ही वाट आवडते. बाकीच्या ३६१ रात्री मशीनला कॅलेंडरची दखलही घ्यावी लागू नये.

तू असं कर. चकती महिन्याला एक फेरा घेते. तिच्या पोटाला २४ दात्यांचं चाक लाव, आणि मशीनच्या तळपाटावर ६२ दात्यांचं, न फिरणारं. ६२ भागिले २४ म्हणजे दोन पूर्ण फेरे आणि वर ७/१२. म्हणजे मोठ्याभोवती लोळणारं छोटं चाक, त्याची बारा घरं धरली तर, दर महिन्याला सात घरं पुढे. जानेवारीला ० धर आणि सात-सात मोजत जा. एप्रिल ९ वर येतो, जून ११, सप्टेंबर ८, नोव्हेंबर १०. आठ, नऊ, दहा, अकरा, सलग! चार बोटं कोरायची गरजच नाही. छोट्या चाकावर १२० अंशांची एकच पाकळी कापायची.

मग २४ तासांच्या चाकावर नेहमीच्या बोटाच्या किंचित मागे दुसरं बोट, पाकळीच्या पातळीवर. ३० तारखेला समोर पाकळी असली तर दुसरा धक्का बसेल, नसली तर बोट हवेत फिरेल. दोन दाते, पण एकामागून एक. एका दमात दोन कधी मागू नकोस.

तीन_सप्तक

घड्याळातलं ओ की ठो कळत नाही, पण सात घरांची उडी बघून राहवेना. हा तर षड्ज-पंचम भाव (सा ते प, पेटीवर सात पट्ट्या)! पेटीवर पांढरी चारला जानेवारी म्हणा आणि एकेक पट्टी चढत जा. पांढऱ्या सगळ्या ३१ च्या. फेब्रुवारी काळी तीन, एप्रिल काळी चार, जून काळी पाच, सप्टेंबर काळी एक, नोव्हेंबर काळी दोन. जुलै-ऑगस्टला दोन पांढऱ्या शेजारी येतात, तेही बरोबर. पंचमाच्या उड्या घेतल्या की पाचही काळ्या ओळीने येतात: फेब्रुवारी, सप्टेंबर, एप्रिल, नोव्हेंबर, जून. काकांनी चारच का घेतल्या?

आळशी_राजा

वर्षातून पाचदा चावी ओढायची, त्यासाठी एवढा खटाटोप? हे मशीन ३८ तासांत थांबतं. शनिवार-रविवार कपाटात राहिलं की सोमवारी तारीख लावायचीच आहे. असो, धागा मात्र वाचनखुणेत.

कोल्हापूरचे_काका

@तीन_सप्तक, फेब्रुवारीला चावी ओढायचीच, म्हणून सोडला. पण पेटीचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आज दुकानात तेच गुणगुणत बसलोय.

टूलरूमवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. जंपर ०.१६ केला, चोच पुन्हा घासली, तरफ आणि कॅम काढून डबीत टाकले. रात्रीची घसरण आता २८० वरून २६४.

पाकळी वायरकटवर ०.३ मिमी पितळेत कापली. एप्रिल, जून, नोव्हेंबर पास. सप्टेंबर नापास. पाचपैकी तीनदा दुसरं बोट पाकळीच्या कोपऱ्यावरून घसरलं. लूप (डोळ्याला लावायचं भिंग) लावून बघितलं तर दात्यांमधल्या मोकळिकीमुळे पाकळी दोनेक अंश मागे राहते, आणि सप्टेंबर नेमका ८ वर, म्हणजे मागच्या टोकाला. मोकळीक कमी करायला गेलो तर चाकं जड व्हायला लागली.

तेव्हा पेटी आठवली. सप्टेंबरच्या मागचं घर फेब्रुवारीचं. पाकळी एक घर वाढवून १५० अंशांची केली. सप्टेंबर टोकावरून आत आला. फेब्रुवारी आता मशीनच्या लेखी ३० दिवसांचा, पण १ मार्चला चावी तशीही ओढायचीच होती. काका, तीन_सप्तक, दोघांनाही दंडवत.

@आळशी_राजा, तुमचं खरं आहे. पण घरात एक एप्रिल संपवून दाखवायचा होता. काल रात्री ३० एप्रिल लावून दोघं बसलो. ११:५० ला ३१ आला, १२:१५ ला १, खिडकीत बरोबर मधोमध. ती तोवर झोपली होती.