रिपनच्या आधीही नगरपालिका होत्या ना? मग ‘जनक’ रिपन कसा?

रात्रीचा_अभ्यास:
एक बेसिक डाउट आहे, हसू नका. राज्यसेवेची तयारी चालू आहे आणि प्रत्येक नोट्समध्ये तेच वाक्य, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन स्थानिक स्वराज्याचा जनक, १८८२. पण मद्रासला कॉर्पोरेशन १६८८ पासून, पुण्यात नगरपालिका १८५७ च्या सुमाराला आली, मुंबईत तर १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी ३२ मेंबर करदात्यांनी निवडायचे होते. मग रिपनने दहा वर्षांनी येऊन नवीन केलं काय?

माळ्यावरचं_दप्तर:
जनक वगैरे परीक्षेपुरतं लिही आणि मार्क घे 😀 खरी गोष्ट पैशाची आहे. १८५७ नंतर सरकारवर कर्जाचा डोंगर झालेला, रस्ते शाळा गटारं यांचा खर्च वरून कोणाला द्यायचा नव्हता, मग काय तर जिथे खर्च तिथल्याच लोकांकडून वसुली. आपल्या मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला, १८६९ ला त्याचा कायदा केला, कमिट्या नेमल्या आणि त्यावर कलेक्टर. १८७० ला तेव्हाचा व्हाइसरॉय मेयो याने ठराव करून काही खाती प्रांतांच्या गळ्यात बांधली. आता तुझा रिपन. त्याच्या १८ मे १८८२ च्या ठरावात सरळ म्हटलंय की हे मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून नाही, लोकांना राजकीय शिक्षण मिळावं म्हणून आहे, सरकारी मेंबर एक तृतीयांशाच्या वर नकोत आणि अध्यक्ष शक्यतो बिनसरकारी हवा. बोलणं छानच होतं, पण राबवणारे तेच साहेब लोक. इलाख्यात १८८४ ला लोकल बोर्डाचा कायदा झाला तरी जिल्हा बोर्डाच्या खुर्चीत कलेक्टरच बसायचा, तोही बरीच वर्षं.

आणि घरी शेती असेल तर तलाठ्याची सारा भरल्याची जुनी पावती काढून बघ. साऱ्याशेजारी जि.प. आणि ग्रा.पं. असे वेगळे रकाने असतात. माझ्या मते तो जि.प. चा रकाना म्हणजे त्या एका आण्याचा नातू. आमची आजी तर शेवटपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेला ‘बोर्डाची शाळा’च म्हणायची.

घरपट्टी_थकबाकीदार:
दप्तरकाका मस्त लिहिलंत, पण मुंबईचं प्रकरण सोडलंत की. १८६५ च्या कायद्याने सगळी सत्ता एका कमिशनरच्या हातात दिली, आर्थर क्रॉफर्ड, तोच मार्केटवाला. कामं दणक्यात केली पण पैसा असा उधळला की १८७१ ला करदाते रस्त्यावर यायचे बाकी राहिले. गंमत म्हणजे तेव्हा विशी ओलांडलेले फिरोजशहा मेहता म्हणाले दोष माणसाचा नाही, पद्धतीचा आहे, कारभार एकाच अधिकाऱ्याच्या हातात राहू द्या पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेली सभा बसवा. तोच साचा १८८८ च्या कायद्यात आला आणि मुंबई महापालिका आजही त्याच कायद्यावर चालते. महापौर फीत कापणार, कारभार आयुक्त बघणार हे आत्ताचं नाही, तेव्हापासूनचं आहे.

साधा_मतदार:
निवडून आलेले म्हणजे लगेच लोकांचे असं पण नको समजायला. मत फक्त कर भरणाऱ्याला, म्हणजे घरमालक, व्यापारी, वकील. उलट जोतिराव फुले पुणे नगरपालिकेत १८७६ ते १८८२ होते ते सरकारने नेमलेले, आणि व्हाइसरॉय लिटनच्या पुणे भेटीसाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा त्याच नेमलेल्या माणसाने विरोध केला, पैसे शिक्षणावर खर्च करा म्हणून. हे नोट्समध्ये का नसतं देव जाणे.

रात्रीचा_अभ्यास:
सगळ्यांना थँक्यू, फुल्यांचं खरंच माहीत नव्हतं. बाबांच्या फाईलमधून पावती काढली, जि.प. चा रकाना आहे! सारा काही रुपयांचा आणि पावती फाडायला हेलपाटे तीन, असं बाबा म्हणाले. एक अजून, ही लोकल बोर्डं जाऊन जिल्हा परिषदा कधी आल्या?

माळ्यावरचं_दप्तर:
कायदा १९६१ चा, परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला. कलेक्टर बाहेर गेला आणि सीईओ आत आला. तो पण आयएएसच असतो हे वेगळं सांगायला नको 😄